दोन व्हरांडे

मी औरंगाबादला येणार नाही, हे मी बाबांचा चहा निवायच्या आत सांगून टाकलं. बाबांनी नुकताच बदलीचा हुकूम वाचून दाखवला होता. हैदराबाद राज्य मोडून त्याचे तुकडे तीन दिशांना जाणार, हे सगळ्यांना वर्षभर ठाऊक होतं. पण तुकड्यांबरोबर माणसंही वाटली जातात हे मला त्या संध्याकाळी कळलं. बाबा महसूल खात्यात कारकून. मूळचे जालन्याकडचे, मराठी, म्हणून ते मुंबई राज्याच्या वाट्याला आले. एक नोव्हेंबरला औरंगाबादच्या कचेरीत हजर व्हायचं होतं.

"आणि माझं मॅट्रिक?" मी म्हणाले.

"तिकडेही शाळा आहेत."

"मराठीतल्या नाही तर उर्दूतल्या. मी गणित, शास्त्र, भूगोल सगळं इंग्रजीत शिकले. मार्चला परीक्षा आहे. काटकोन त्रिकोणाला आता नव्यानं ओळख करून द्यायची का माझी?"

"हळू," आई चुलीपासून म्हणाली. "आख्ख्या नल्लकुंट्याला कळेल."

"कळू दे की. माझं वर्ष जाणार आहे, नल्लकुंट्याचं नाही."

गेल्या वर्षी मी अशी बोलले नसते. पण या पावसाळ्यात शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत मी पहिली आले, तीसुद्धा इंग्रजीत, आणि तेव्हापासून पोरीच्या तोंडाला झाकण राहिलं नाही असं आई म्हणते. मला वाटतं, आधी झाकण होतं तीच चूक होती.

मी हैदराबादेत राहणार तर कुठे, याचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं. फक्त ते घरात बोलायची सोय नव्हती. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतली बहुतेक घरं बदलीबरोबर उठणार होती. उरणार होत्या चतुराबाई. चिक्कडपल्लीत त्यांची एक खोली, खोलीत शिलाईचं मशीन, आणि दिवसभर झंपर शिवून घेणाऱ्या तेलुगू बायकांची ये-जा. तिथून माझी शाळा चालत जायच्या अंतरावर. नवरा नारायणगुड्याच्या कबरस्तानात, त्यामुळे त्या शहर सोडणार नव्हत्या. लहानपणी मी त्यांना मावशी म्हणायची. आणि गेली अडीच वर्षं माझी आई त्यांच्याशी बोलत नव्हती.

भांडण मुठीवरून झालं होतं. आमच्यात मुठीची चाल आहे. रोज स्वयंपाकाला बसताना आधी एक मूठ पीठ किंवा तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे आणि मग उरलेलं आपल्यासाठी घ्यायचं. रविवारी तो डबा उपासनेला न्यायचा, दारातल्या परडीत ओतायचा, आणि ज्या घरात त्या आठवड्यात ओढाताण असेल तिथे ती परडी जायची. परडी चतुराबाईंकडे असे. एका रविवारी त्यांनी आईचा डबा ओतून घेतला आणि सगळ्या बायकांपुढे म्हणाल्या, "जयवंताची मूठ आताशा आवळत चाललीय." जयवंता माझी आई. त्या दिवसापासून आई मूठ काढते, पण परडीत ओतत नाही. दारावर जो येईल त्याच्या ओच्यात टाकते.

एवढं असतं तर मंडळी विसरून गेली असती. पण प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे एक भाकर वाटून खातात तेव्हा, सगळं पुन्हा वर येतं. आमचे पाळक एकनाथराव भाकरीवर हात ठेवून थांबतात आणि म्हणतात, कुणाचं कुणाशी बिनसलं असेल तर आधी ते निस्तरून या, आम्ही थांबतो. दुसरीकडे हे नुसतं म्हणण्यापुरतं असेल. आमच्यात खरोखर उठायची रीत आहे. आई उठते आणि डाव्या व्हरांड्यात जाऊन बसते. चतुराबाई उठतात आणि उजव्या व्हरांड्यात जाऊन बसतात. मध्ये आख्खं चर्च. एकनाथराव जरा वेळ वाट बघतात, खोकतात, आणि भोजन सुरू करतात. "आपल्या चर्चला द्वारपाल आहेत," असं हणमंतराव नावाचे आमचे एक वडीलधारे म्हणतात. अडीच वर्षांत दोघींनी भाकर घेतलेली नव्हती. मनात अढी ठेवून खायचं नाही एवढ्या त्या खऱ्या, आणि चर्चला वळसा घालून पलीकडे जायचं नाही एवढ्या हट्टी.

---

अठ्ठावीस ऑक्टोबरला आमची शेवटची मराठी उपासना ठरली. हिमायतनगरकडचं ते चर्च मुळात तेलुगू मंडळीचं, आम्हाला दुपारपुरतं मिळायचं. आता मराठी माणसंच उरणार नव्हती.

"वासंती," एकनाथराव मला म्हणाले, "त्या दिवशी पाच मिनिटं तू बोल. शुभवर्तमान म्हणजे काय, ते तुझ्या शब्दांत. आजवर आम्ही म्हातारेच बोललो."

"हौ, बोलते की."

"विचार करून हो म्हण."

"तो बोलता बोलता करते, पाळकसाहेब."

ते हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला. त्यात अंधार होता, प्रकाश होता, वादळ होतं आणि नाव होती. बाबांना वाचून दाखवला. ते पेटीला दोरी आवळत होते. गाठ मारून होईपर्यंत त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. कुठल्याही धर्माला चालेल."

मी कागद फाडला. दोन दिवस नुसत्या येरझाऱ्या घातल्या. घरातलं सामान एकेक करून पेटीत जात होतं, आणि जी वस्तू शोधायला जावं ती नेमकी बांधलेली. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल उरला होता, तरी मी वेळ बघायला तिकडेच मान वळवत होते. मग दळण आणायला जाताना मला एकदम सुचलं. शुभवर्तमान म्हणजे समेट. आपण रुसून लांब बसलेलो, आणि देव आपण होऊन आपल्याकडे चालत आला. आपण आधी चांगले झालो म्हणून नव्हे, तसेच असताना आला. मग आपणही समोरच्याची वाट न बघता उठून जायचं. इतकं सरळ. आणि त्याच रस्त्यावर पुढचंही सुचलं. आई उठून गेली की चतुराबाई बोलतील, बोलल्या की आई माझं विचारेल, विचारलं की त्या हो म्हणतील, आणि मी मार्चपर्यंत चिक्कडपल्लीत. सगळं इतकं नेमकं जुळलं की मला ते वरूनच आलंय असं वाटलं. गिरणीतून मी पीठ घ्यायचं विसरून नुसता डबा घेऊन परतले.

आई भाकरी थापत होती. आईचे हात एवढेसे आहेत. चारमिनारकडचा कासार तिला शाळकरी पोरींच्या मापाच्या बांगड्या भरतो आणि दर वेळी म्हणतो, अम्मा, ये हाथ तुम्हारा के बच्ची का?

"आई, देवानं आपल्याला माफ केलं ते आपण लायक होतो म्हणून नाही ना?"

"नाही."

"मग आपण तरी लोकांची वाट कशाला बघायची?"

"पीठ कुठंय?"

"आणते. आई, चतुरामावशीकडे जा ना. आता तर सगळंच मोडतंय. निदान हे तरी जोडून जाऊ."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मगच माझ्याकडे बघितलं. "हे कधी सुचलं ग तुला? हुकूम यायच्या आधी की नंतर?"

मी पुन्हा गिरणीत गेले.

---

पण गप्प बसणं मला जमत नाही, आणि हे प्रकरण आईला जमणार नाही अशी माझी खात्री झाली. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घराऐवजी चिक्कडपल्लीला गेले.

एक बाई "वस्तानम्मा" म्हणत कापड बगलेत मारून बाहेर पडत होती. चतुराबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या.

"सलाम, मावशी."

मशीन थांबलं नाही. त्यांनी टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. "सलाम. सापडला का रस्ता?"

"रस्ता ठाऊकच होता."

"मग पाय मोडले असतील. बस. त्या कापडावर नक्को, ते लग्नाचं आहे."

मी पेटीवर बसले. त्यांनी स्टोव्हवर चहा टाकला. त्यांचा पंजा केवढा मोठा आहे ते मी विसरले होते. दोन पेले त्यांनी एकाच हातात आणले.

"आईनं पाठवलं?"

"नाही. मी स्वतःच आले. समेटासाठी."

"कुणाच्या?"

"तुमच्या आणि आईच्या."

"आणि तू कोण त्यात?"

मग मी बोलले. चांगलं बोलले. देव कसा आपण होऊन आला, रुसलेलं माणूस कसं आतून कडक होत जातं, शहर मोडताना माणसांनी कसं जुळलं पाहिजे, सगळं सांगितलं. मध्ये एकदा हात असा फिरवला की पेला पडता पडता वाचला. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"पहिला नंबर आला म्हणे तुझा," त्या म्हणाल्या. "उगाच नाही दिला. आता खरं सांग."

"खरंच तर सांगितलं."

"ते खरं आहेच ग. देवाचं आहे ते. तुझं काय आहे ते सांग."

मग मी मॅट्रिकचं सांगितलं, इंग्रजी पुस्तकांचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की खोलीतला तो पेट्यांचा कोपरा मला पुरेल. बोलताना माझा आवाज आपोआप बारीक होत गेला. त्यांनी एक उलटी पडलेली शिवण हातात घेतली आणि टाके उसवायला लागल्या.

"मी त्या दिवशी मुठीचं बोलले, ते वाईट बोलले," त्या म्हणाल्या. "परडी हातात आली की माणसाला वाटतं, मापायचा अधिकारपण आला. ते मी देवाकडे कधीच कबूल केलंय. तुझ्या आईकडे पण निघाले होते. पण त्या दिवशी ती मला उलट काय बोलली ते आठवलं आणि अडले. ठाऊक आहे का तुला?"

"आई काही बोलली?"

"तिलाच विचार."

"तुम्ही सांगा ना."

"तिचे शब्द मी माझ्या तोंडानं तिच्या पोरीच्या कानात घालू? मग अडीच वर्षं व्हरांड्यात कशाला बसले? आत बसून सगळ्यांनाच सांगितलं नसतं?" त्यांनी धागा तोडला. "चहा पी. निवला."

---

चिक्कडपल्लीपासून घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आले. आई अंगणात पितळी भांडी जुन्या लुगड्यांत गुंडाळून पोत्यात भरत होती.

"आई, मुठीच्या दिवशी तू काय बोललीस?"

तिनं एक तांब्या गुंडाळला. "गेली होतीस तर."

"हो. त्यांनी नाही सांगितलं. तुला विचार म्हणाल्या."

आईनं तांब्या पोत्यात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. "मी म्हणाले, ज्यांच्या चुलीपुढं पोर बसत नाही त्यांना मूठ मोठी ठेवायला काय जातं. बायका पांगल्यावर तिला एकटीला गाठून म्हणाले. तिचा माणूस जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा."

अडीच वर्षं मी आईच्या बाजूनं मनात चतुराबाईंशी भांडत आले होते. डाव्या व्हरांड्यातलं माणूस दुखावलेलं आणि उजव्यातलं दुखावणारं, असं मी पक्कं करून टाकलं होतं.

"मग माफी माग ना," मी म्हणाले.

"रोज मागते. मनात."

"तोंडानं."

"तोंडानं मागायचा धीर होत नव्हता. गेल्या महिन्यात झाला होता. म्हटलं, मंडळी उठायच्या आत एकदा जाऊन येऊ. तेवढ्यात हा हुकूम आला, आणि आता तू मध्ये उभी आहेस."

"मी कुठं मध्ये उभी आहे?"

"आता जाऊन काय म्हणू तिला? तुला पोर नाही म्हणून टोचलं होतं, चुकले, आणि आता ही माझी पोरगी सांभाळ? माफी म्हणतात का त्याला? बाजार आहे तो."

"पण त्या हो म्हणतील, आई."

"म्हणेलच. ती नाही म्हणणारच नाही. म्हणून तर मला जाता येत नाही." आईनं पोत्याचं तोंड आवळलं. "दोरी दे."

---

त्यानंतरचे दिवस मी घरात आणि शाळेत नुसती भिरभिरत होते. बाबा म्हणाले, "वासंती, एक तर बस, नाही तर पेटी तरी उचल." मला राग आला होता, आणि कुणाचा ते ठरत नव्हतं. सरकारचा आला, आईचा आला. चतुराबाईंनी मला सरळ 'राहा' का म्हटलं नाही, याचा आला. मग लक्षात यायचं की मी त्यांच्याकडे समेट घेऊन गेलेच नव्हते, रिकामी पिशवी घेऊन गेले होते, आणि मग माझाच राग यायचा. भाषणाचा कागद कोराच होता. समेटावर लिहायला बसले की समोर चिक्कडपल्लीतला पेट्यांचा कोपरा दिसायचा.

शाळेत मोठ्या बाईंच्या दारापुढे रोज बाकावर नव्या मुली दिसत. नव्या राज्याच्या कचेऱ्या कर्नूलहून इकडे येत होत्या, त्यांच्याबरोबर कारकून, आणि कारकुनांबरोबर मुली. घट्ट तेल लावलेल्या वेण्या, मांडीवर दाखले, शेजारी पायांची चाळवाचाळव करणारे वडील. आमच्यातली एकेक मराठी मुलगी जाई आणि बाकावरची एकेक मुलगी वर्गात येई.

बाबांनी सही केलेला, शाळा सोडण्याचा अर्ज माझ्या कंपासपेटीत घडी घालून पडला होता. देताना बाबा म्हणाले होते, "तूच दे. मी दिला तर बापानं नाव काढलं असं आयुष्यभर म्हणशील." मी तो दिला नव्हता. देणारही नव्हते.

शुक्रवारी भूमितीच्या तासाला कर्कटक काढायला पेटी उघडली आणि अर्ज हाताला लागला. फळ्यावर काय चाललं होतं ते मला आठवत नाही. एवढं कळलं, की हा कागद माझ्या पेटीत आहे तोवर आई डाव्या व्हरांड्यातून उठू शकणार नाही. रविवार सरला की दोघी जन्मभर आपापल्या व्हरांड्यात, एक औरंगाबादेत आणि एक इथं. हे कळून मला मुळीच बरं वाटलं नाही. मी बोट वर केलं आणि बाहेर गेले.

मोठ्या बाईंनी अर्ज वाचला. "मला वाटलं होतं तू मार्चपर्यंत राहणार."

"मलाही वाटलं होतं."

"बाहेरचा बाक बघितलास ना? तुझी जागा आजच भरेल. उद्या रडत आलीस तर मी काही करू शकणार नाही."

"नाही येणार."

"विचार केलास?"

"हौ," मी म्हणाले, आणि त्या शाळेत मी हौ म्हटलेलं त्यांना कधी खपत नसे, तरी त्यांनी दाखल्यांचं बुक पुढे ओढलं.

दाखला घेऊन मी नळावर गेले, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. लोकांना वाटतं, असं काही केलं की आत दिवा लागतो. माझ्या आत मुंग्या होत्या. मागे वळून धावत जावं आणि कागद परत टेबलावर टाकावा असं फाटकापर्यंत वाटत राहिलं.

घरी येऊन दाखला मी आईच्या परातीशेजारी ठेवला. "आता मागायला काही नाही," मी म्हणाले. "आता जा."

आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण शिक्का ओळखता येतो. तिनं पिठाचे हात वर धरले, कागदाला लागू नयेत म्हणून. "कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मूर्ख पोरगी," ती म्हणाली. मग भाकरी थापायला लागली, आणि ती भाकरी काही केल्या वाटोळी होईना.

---

रविवारी आईनं मुठीचा डबा बरोबर घेतला. बाबांनी डब्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि शहाण्या माणसासारखे पुढे चालायला लागले. दारातल्या परडीशी चतुराबाई होत्या. आईनं डबा ओतला. त्यांनी परडी जरा तिरकी धरली. तेवढंच.

माझी वेळ आली तेव्हा मी पुढे जाऊन उभी राहिले. कागद नव्हताच.

"शुभवर्तमान म्हणजे काय, ते मला पंधरवड्यापूर्वी सगळं ठाऊक होतं," मी म्हणाले. लोक हसले. "आता थोडंच ठाऊक आहे. देव आपल्याकडे आला तेव्हा त्याला आपल्याकडून काही न्यायचं नव्हतं. तो नुसता द्यायला आला. आपण कुणाकडे गोड बोलायला जातो तेव्हा काखेत पिशवी असते. मी तरी नेली होती. पिशवी घरी ठेवून जायचं, हे रोज करायचं म्हणतात. मला एकदाच करून बघता आलं, आणि ते मला आवडलं नाही. पण करायचं तेच आहे, असं मला वाटतं. एवढंच."

"संपलं?" हणमंतराव मोठ्यानं कुजबुजले.

"संपलं," मी म्हणाले आणि मागे जाऊन खिडकीशी बसले. माझं अजून दृढीकरण झालेलं नाही, म्हणजे भाकर घ्यायचा हक्क मिळालेला नाही, त्यामुळे भोजनाच्या वेळी आम्ही पोरं मागेच असतो. खिडकी उजव्या व्हरांड्याकडची होती.

एकनाथरावांनी भाकरीवर हात ठेवला आणि आपलं नेहमीचं सांगितलं. आई उठली आणि डावीकडून बाहेर गेली. चतुराबाई उठल्या आणि उजवीकडून बाहेर आल्या, माझ्या खिडकीखालच्या कट्ट्यावर बसल्या. सगळं अगदी दर वेळेसारखं. मी ओढणीचं टोक पिळत होते. एकनाथराव आता खोकतील असं वाटलं, आणि तेवढ्यात चर्चच्या मागच्या बाजूनं खडीवर चपला वाजल्या.

"चतुरा."

"हं."

"मी तुला पोराचं बोलले होते. चुलीपुढं पोर बसत नाही म्हणून. तोंडातून गेलं, मनात नव्हतं माझ्या..." आई थांबली. "नाही. होतं मनात. तेव्हा होतं. फार वाईट बोलले."



"आणि आता पोरीला ठेवून जायचंय," चतुराबाई म्हणाल्या.

"नाही. तिनं शाळेतनं नाव काढलं."

"काहीतरीच."

"परवा दाखला आणून माझ्यापुढं ठेवला. आता तुझ्याकडं मागायला काही उरलं नाही, म्हणून आले."

"अग, पण मी ठेवली असती की."

"ठाऊक आहे."

"म्हणजे मला हो म्हणायची पण सोय ठेवली नाहीत मायलेकींनी." त्यांचा आवाज चिरका झाला. "हात दाखव."

"काय?"

"हात दाखव तुझा, जयवंता." मग कट्ट्यावर बांगड्या वाजल्या. "एवढाच आहे होय ग. मी मूठ मापत बसले आणि हात कधी बघितलाच नाही. चुकलं माझं."

आत सगळे मान न वळवता ऐकायचा प्रयत्न करत होते. एकनाथराव भाकरीवर हात ठेवून तसेच उभे होते. त्या दिवशी ते खोकले नाहीत. दोघी उजव्या दारानं आत आल्या, आईचे डोळे लाल आणि चतुराबाईंचा पदर तोंडावर, आणि बसायच्या घाईत दोघी एकाच बाकाच्या टोकाला अडकल्या. हणमंतरावांनी सरकून जागा केली.

---

सोमवारी सकाळी चतुरामावशी कुणालाही न विचारता माझ्या शाळेत जाऊन आल्या. मोठ्या बाईंशी हिंदीत भांडल्या, तेलुगूत भांडल्या, आणि शेवटी मोठ्या बाईंनी त्यांना माझ्या जागेवर बसलेली मुलगी दाराआडून दाखवली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. वही काढून बसली होती बिचारी. तिला उठवा असं तोंडातनं निघेना माझ्या. चांगली आहे पोर. वेणी तेवढी कुणी नीट घालत नाही."

मंगळवारी काचीगुडा स्टेशनवर अर्धी मराठी मंडळी सामानावर बसली होती. बाबा पेट्या मोजत होते आणि दर वेळी निराळा आकडा येत होता. आई डब्यात खिडकीशी बसली होती आणि तिच्या मांडीवर मुठीची परडी होती. ती तिला कधी मिळाली ते मी बघितलं नाही. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. मी गाडीच्या इंजिनापर्यंत जाऊन आले, परत आले, तेवढ्यात चतुरामावशींनी मला दंडाला धरलं आणि गळ्यातला टेप काढला.

"हात वर."

"इथं? प्लॅटफॉर्मवर?"

"मग तिकडं येऊन घेऊ माप? तिकडच्या शाळेचा रंग कळव. शिवून पाठवते." त्या गुडघ्यांवर बसल्या. "उभी राहा की नीट. केवढी चुळबुळ."

"मावशी, मला अजून राग येतोय."

"कुणाचा?"

"त्या नव्या पोरीचा. सगळ्यांचाच. थोडा तुमचापण."

"येऊ दे. वळ तिकडं." त्यांनी पाठीवर टेप ताणला. "दोन इंच जास्त धरते. वर्षभर जास्त शाळेत जाणार तू, तेवढी वाढशीलच."

हे ऐकून मला हसू आलं आणि रडूही, आणि त्यात मापाचा घोळ झाला. त्यांनी पहिल्यापासून घेतलं. शिट्टी झाली. बाबांनी मला आत ओढलं. गाडी हलली तरी चतुरामावशी टेप घेऊन खिडकीबरोबर चालत होत्या.

"थांब, बाही राहिली," त्या म्हणाल्या, आणि मी आईच्या अंगावरून वाकून माझा हात खिडकीबाहेर लांब केला.